नव्वद फूट, साडेतीन सेकंद

बेसबॉलमध्ये 'चोरी' हा नियमात बसणारा, अधिकृत नोंद होणारा आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून गौरवावा असा प्रकार आहे. या खेळाच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात अशा हजारो चोऱ्या झाल्या. पण त्यांतील दोन प्रयत्न एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत.

पहिला प्रयत्न १० ऑक्टोबर १९२६ चा. न्यूयॉर्क यँकीज आणि सेंट लुईस कार्डिनल्स यांच्यातील वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना. शेवटचा म्हणजे नववा डाव, यँकीज ३-२ असे एका धावेने मागे आणि त्यांचे दोन गडी बाद. पहिल्या बेसवर उभा होता बेब रूथ, त्या काळातील सर्वांत मोठा खेळाडू. पिचरने चेंडू टाकताच रूथ दुसऱ्या बेसच्या दिशेने धावला. कॅचर बॉब ओ'फॅरेलच्या हातून सुटलेला चेंडू रूथच्या आधी पोहोचला, रॉजर्स हॉर्न्सबीने तो रूथला टेकवला आणि सामना, मालिका, हंगाम सारे त्याच क्षणी संपले.

दुसरा प्रयत्न १७ ऑक्टोबर २००४ चा. बॉस्टनचे फेनवे पार्क मैदान, प्रतिस्पर्धी पुन्हा यँकीज. रेड सॉक्स मालिकेत ०-३ असे मागे. आणखी एक पराभव म्हणजे घरचा रस्ता. नववा डाव, गुणफलक ४-३, येथेही एकाच धावेची पिछाडी. पहिल्या बेसवर बदली धावक म्हणून डेव्ह रॉबर्ट्स आला. समोर होता मारियानो रिव्हेरा, शेवटच्या डावात सामना निर्विघ्न संपवण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता. रॉबर्ट्स पळणार हे रिव्हेराला ठाऊक होते, कॅचरला ठाऊक होते, मैदानातील प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. रिव्हेराने तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्याला मागे रेटले. पुढच्या, फलंदाजाकडे टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर रॉबर्ट्स पळाला आणि निसटत्या फरकाने दुसऱ्या बेसवर सुखरूप पोहोचला. बिल म्युलरच्या फटक्यावर तो घरी परतला, सामना बरोबरीत आला. बाराव्या डावात बॉस्टनने तो जिंकला, मग मालिका जिंकली आणि पुढे १९१८ नंतरची आपली पहिली वर्ल्ड सिरीजही.

कृती एकच, परिस्थितीही बरीचशी सारखी. तरीही रूथच्या त्या धावेला पिढ्यान्‌पिढ्या अविचार म्हटले गेले आणि रॉबर्ट्सच्या धावेला धैर्य. हा केवळ फळावरून कर्माचा न्याय आहे, की दोहोंत काही मूलभूत फरक होता? याचे उत्तर शोधायचे तर ही चोरी प्रत्यक्षात कशी होते, हे आधी समजून घ्यावे लागते.

संशयाचा करार

बेसबॉलच्या मैदानाच्या पोटात एक चौरस असतो. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार बेस. सलग दोन बेसमध्ये नव्वद फुटांचे, म्हणजे २७.४३ मीटरचे अंतर. फलंदाज, म्हणजे बॅटर, जेथे उभा राहतो तो कोपरा 'होम'. तेथून निघून पहिला, दुसरा, तिसरा असे बेस ओलांडत पुन्हा होमवर परतले की एक धाव. बहुतेक वेळा धावक पुढे सरकतो तो सहकाऱ्याने चेंडू टोलवल्यावर. पण चेंडू खेळात असेपर्यंत धावकाला केव्हाही पुढे जाण्याची मुभा आहे. पिचर बॅटरकडे चेंडू टाकत असताना फटक्याची वाट न पाहता धावकाने पुढचा बेस गाठला, तर ती झाली बेसची चोरी. आज ज्या अर्थाने ही नोंद होते तो अर्थ १८९८ पासून रूढ आहे.

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या मनाला येथे थोडा धक्का बसतो. गोलंदाजाने चेंडू टाकण्यापूर्वी नॉन-स्ट्रायकरने क्रीज सोडावी की नाही, यावर क्रिकेटने दशकानुदशके वाद घातला. विनू मांकड यांनी डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत बिल ब्राउनला अशा प्रकारे धावबाद केले आणि त्या कृतीला कायमचे त्यांचे नाव चिकटले. ही कृती 'अनुचित खेळ' या कलमातून काढून साध्या 'धावबाद'च्या कलमात आणायला २०२२ साल उजाडावे लागले. बेसबॉलमध्ये हा नैतिक पेच मुळात उद्भवतच नाही. धावकाने बेस सोडून काही पावले पुढे उभे राहणे हा त्याचा हक्क; त्याने अंतर फार वाढवले तर पिचरने अचानक वळून त्या बेसकडे चेंडू फेकणे आणि त्याला बाद करणे, हा पिचरचा हक्क. कोणी कोणावर रागावत नाही. दोघांमध्ये परस्पर संशयाचा जणू एक करारच झालेला असतो.

या करारात एक कलम मात्र धावकाच्या बाजूचे आहे. पिचरने आपल्या पट्टीवर पाय ठेवून बॅटरकडे चेंडू टाकण्याची हालचाल एकदा सुरू केली, की ती पूर्ण केलीच पाहिजे. मध्येच थांबून त्याने धावकाला फसवण्याचा प्रयत्न केला, तर त्याला 'बॉक' म्हणतात आणि शिक्षा म्हणून सर्व धावकांना एकेक बेस बहाल होतो. म्हणजे पिचरच्या हालचालीत एक क्षण असा येतो, की त्यानंतर त्याला माघार घेता येत नाही. बेस चोरणाऱ्याचे सारे शास्त्र तो क्षण इतरांपेक्षा आधी ओळखण्यात सामावलेले आहे.

सेकंदांचा हिशेब

दुसऱ्या बेसची चोरी ही एका धावकाची दोन माणसांशी लागलेली शर्यत असते. व्यावसायिक पिचरला हालचाल सुरू करून चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पोहोचवायला साधारण १.३ ते १.४ सेकंद लागतात. चेंडू हातात पडल्यावर कॅचरने उठून तो दुसऱ्या बेसपर्यंत फेकायला आणखी सुमारे दोन सेकंद. चांगले कॅचर हे काम १.९ सेकंदांत उरकतात. होमपासून दुसरा बेस चौरसाच्या कर्णावर असल्याने ही फेक ३८ मीटरहून अधिक लांबीची असते. तेथील खेळाडूने चेंडू झेलून धावकाच्या अंगाला टेकवायचा, त्यात सेकंदाचा दहावा हिस्सा धरा. एकूण झाले सुमारे साडेतीन सेकंद.

आता धावकाची बाजू पाहू. पहिल्या बेसपासून तो सुमारे बारा फूट पुढे उभा असतो. या आगाऊ अंतराला 'लीड' म्हणतात. उरलेले अंतर साधारण २४ मीटर. मेजर लीगमधील सर्वसाधारण खेळाडू पूर्ण वेगात असताना सेकंदाला २७ फूट कापतो, अतिवेगवान खेळाडू ३० फूट. पण येथे पूर्ण वेग गाठेपर्यंतच अर्धी शर्यत संपते. उभ्या स्थितीतून निघून, शेवटी घसरत जाऊन हे अंतर कापायलाही साडेतीन सेकंदांच्या आसपासच वेळ लागतो.

दोन्ही बाजूंचा हिशेब असा जवळजवळ समसमान आहे. म्हणून सेकंदाचा दहावा भाग कोठून तरी वाचवणे किंवा प्रतिस्पर्ध्याला तेवढा गमवायला लावणे, हाच या कलेचा व्यवहार आहे. तीन मार्गांनी हा वेळ मिळतो: लीड वाढवून, निघण्याचा क्षण आधी ओळखून आणि पहिल्या दोन-तीन पावलांत वेग घेऊन. निव्वळ धावण्याचा वेग या यादीत चौथा येतो, हे ऐकून आश्चर्य वाटेल. पण इतिहासाने त्याचा पडताळा घेतलेला आहे.

वेगवान माणसाची गोष्ट

ओकलंड अॅथलेटिक्सचे मालक चार्ली फिनले यांनी १९७४ मध्ये हर्ब वॉशिंग्टन या नामांकित धावपटूला करारबद्ध केले. कमी अंतराच्या शर्यतींत त्याचा दबदबा होता. त्याने बॅट हातात धरायची नाही, क्षेत्ररक्षण करायचे नाही. फक्त दुसऱ्याच्या जागी बेसवर उभे राहायचे आणि पळायचे. कागदावर ही कल्पना बिनतोड होती. वॉशिंग्टन १०५ सामन्यांत उतरला, त्याने ३१ बेस चोरले आणि १७ वेळा तो पकडला गेला. म्हणजे दर तीन प्रयत्नांत एकदा तो सापडत होता.

त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात, पुन्हा नवव्या डावात आणि पुन्हा एका धावेने मागे असताना, त्याला पहिल्या बेसवर पाठवण्यात आले. पिचर माइक मार्शलने अचानक वळून चेंडू फेकला आणि वॉशिंग्टन जागच्या जागी बाद झाला. त्या मैदानावर त्याच्यापेक्षा वेगवान पाय कोणाचेच नव्हते. परंतु त्या पायांना केव्हा निघायचे आणि केव्हा परतायचे हे सांगणारी नजर वर्षानुवर्षांच्या खेळातून तयार होते. शर्यतीत पिस्तुलाचा आवाज सर्वांना एकाच वेळी ऐकू येतो. बेसबॉलमध्ये तो आवाज धावकाला स्वतःच शोधावा लागतो.

पिचरची टाच

शोधायचा म्हणजे नेमका कोठे? उजव्या हाताने टाकणारा पिचर चेंडू टाकण्यापूर्वी तिसऱ्या बेसकडे तोंड करून उभा असतो. पहिल्या बेसवरील धावकाला त्याची पाठ दिसते. अशा पिचरच्या दोन टाचांवर धावकाची नजर खिळलेली असते. पट्टीवरील उजवी टाच आधी उचलली गेली, तर तो वळून बेसकडे फेकणार. डावी टाच आधी उचलली गेली, तर चेंडू होमकडे जाणार. डावखुरा पिचर तर थेट धावकाकडेच पाहत उभा असतो, म्हणून त्याच्याविरुद्ध चोरी अधिक अवघड. त्याचा उचललेला गुडघा, खांद्यांचा कल, हवेतील पाय पट्टीच्या मागच्या कडेपलीकडे गेला की नाही, अशा खुणा वाचाव्या लागतात. खो-खोत पाठलाग करणाऱ्याचा खांदा पाहून दिशा ओळखणाऱ्या खेळाडूला ही विद्या परकी वाटणार नाही.

शरीराच्या खुणांइतकीच सवय महत्त्वाची. कित्येक पिचर नकळत एका ठरावीक लयीत काम करतात: धावकाकडे एकदा पाहायचे, मान वळवायची, दोन आकडे मनात मोजावेत एवढा वेळ थांबायचे आणि टाकायचे. ही लय एकदा उमगली, की धावकाला हालचाल सुरू होण्याची वाट पाहावी लागत नाही. ती सुरू होत असतानाच तो निघालेला असतो. जाणते पिचर म्हणूनच चेंडू हातात धरून ठेवण्याचा अवधी दर वेळी बदलतात, पाय उंच न उचलता झटपट टाकतात आणि मधूनच बेसकडे फेकून धावकाच्या पायांतील उत्सुकता मारतात.

सेंट लुईसच्या लू ब्रॉकने या निरीक्षणाला अभ्यासाचे रूप दिले. प्रतिस्पर्धी पिचरांच्या हालचाली टिपण्यासाठी तो लहान फिल्म कॅमेरा वापरी आणि ती चित्रे पुनःपुन्हा पाही. फार मोठी लीड घेण्यावर त्याचा भर नव्हता. लहान लीडने पिचर बेसावध राहतो आणि किंचित चालत्या स्थितीतून निघाल्यास जडत्वावर आधीच मात झालेली असते, असे त्याचे गणित होते. १९७४ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, पायांचा वेग ओसरू लागण्याच्या वयात, त्याने ११८ बेस चोरून नवा विक्रम केला.

पहिले पाऊल आणि शेवटचे तीन मीटर

निघण्याच्या क्षणी शरीर कसे असावे, यालाही शिस्त आहे. गुडघे वाकलेले, भार दोन्ही पायांवर समान, उजवे पाऊल किंचित मागे आणि दुसऱ्या बेसकडे थोडे वळलेले. निघताना उजव्या पायावर वळून डावा पाय त्याच्या पुढून टाकायचा. धड खालीच ठेवायचे. ताठ उभे राहून मग पळणारा धावक तेथेच हरतो. तीन-चार पावलांनंतर मान न थांबवता होमकडे एक कटाक्ष टाकायचा: सहकाऱ्याने चेंडू उंच मारला आहे का, कॅचरच्या हातून निसटला आहे का, हे कळल्याशिवाय आंधळेपणाने धावणे धोक्याचे.

पहिला बेस वेगात ओलांडून पुढे जाता येते, दुसरा आणि तिसरा बेस तसे ओलांडता येत नाहीत. तेथे थांबावेच लागते. म्हणून घसरण, म्हणजे स्लाइड. उद्देश वेग वाढवण्याचा नसून तो बेसवर येऊन संपवण्याचा आणि चेंडू टेकवणाऱ्याला शरीराचा कमीत कमी भाग देण्याचा असतो. बेसपासून तीन मीटर अलीकडे एक पाय दुमडून घसरायचे, किंवा हात पुढे करून छातीवर झेपावायचे. डोके पुढे करून घसरणे बोटांना घातक. आता अनेक धावक त्या हातावर फळीसारखा जाड मोजा चढवतात. अलीकडच्या काळात आणखी एक दक्षता वाढली आहे. २०१४ पासून चित्रफितीवरून निर्णय तपासण्याची पद्धत व्यापक झाली. बेस गाठल्यानंतर शरीर निमिषभर जरी त्यावरून उचलले गेले आणि त्या वेळी हातमोजा अंगाला टेकलेला असला, तर धावक बाद ठरतो. पूर्वी पंचांच्या डोळ्यांतून सुटणारी ही फट कॅमेऱ्याने बुजवली.

चोरीशिवायही धावकाचे कौशल्य पदोपदी लागते. पिचरने चेंडू टाकल्यावर आणखी दोन-तीन पावले सरकणे, बेस ओलांडताना बाहेरून वळसा घेत त्याच्या आतल्या कोपऱ्यावर पाय देणे, उंच उडालेला चेंडू झेलला जाईपर्यंत बेसवर थांबून मग पळणे, यांतूनही सामने फिरतात. १९४६ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, ३-३ अशी बरोबरी असताना, कार्डिनल्सचा ईनॉस स्लॉटर पहिल्या बेसवरून पिचरच्या हालचालीबरोबरच निघाला. हॅरी वॉकरने मारलेला चेंडू मैदानात पडला, तो परत येण्यात जरासा वेळ गेला आणि स्लॉटर कोठेही न थांबता थेट होमवर पोहोचला. त्या धावेने मालिका जिंकली गेली. तिसऱ्या बेसवर पहिला किंवा तिसरा गडी गमावू नये, हा प्रशिक्षकांचा जुना दंडकही याच विवेकातून आला आहे. एकही गडी बाद नसेल तर दुसऱ्या बेसवर थांबलेल्या धावकाला धाव मिळवायला पुरेशी संधी आहे. दोन गडी बाद असतील तर धाव येण्यासाठी बहुधा फटका लागणारच, आणि तो दुसऱ्या बेसवरूनही पुरतो. दोन्ही वेळा जोखीम मोठी आणि लाभ लहान.

तीन चोऱ्या आणि एक अटक

या जोखमीचे मोजमाप करता येते. हजारो सामन्यांच्या नोंदींवरून अभ्यासकांनी काढलेले ढोबळ आकडे असे: पहिल्या बेसवर धावक आणि एकही गडी बाद नसेल, तर त्या डावात पुढे सरासरी ०.९ धावा होतात. धावक दुसऱ्या बेसवर गेला तर सुमारे १.१. तो पकडला गेला, बेस रिकामे झाले आणि एक गडी गेला, तर उरतात जेमतेम ०.३. म्हणजे यशस्वी चोरीची कमाई ०.२, तर फसलेल्या चोरीचा दंड ०.६. तीन चोऱ्यांची मिळकत एका अटकेत जाते. चारपैकी तीनहून अधिक वेळा यश येत नसेल, तर पळणारा आपल्याच संघाचे नुकसान करत असतो.

ही आकडेमोड १९८० च्या दशकापासून पुस्तकांतून मांडली गेली आणि शतक बदलताना संघांच्या कचेऱ्यांत पोहोचली. त्याआधी चोरीचे दिवस अनेकदा पालटले होते. टाय कॉबने १९१५ मध्ये ९६ बेस चोरले. मग रूथच्या षटकारासारख्या होम रनांनी सारा खेळ व्यापला आणि १९५० मध्ये तर अमेरिकन लीगमधील सर्वाधिक चोऱ्या करणाऱ्या डॉम डिमॅजिओच्या नावावर अवघ्या १५ होत्या. दरम्यान १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये आला. कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये जोपासली गेलेली धावण्याची धिटाई त्याने मोठ्या मैदानावर आणली. होमचा बेसही त्याने नियमित हंगामांत १९ वेळा चोरला. १९६२ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या मॉरी विल्सने १०४ चोऱ्या केल्या. त्या वर्षी इतर कोणत्याही संघातील सर्व खेळाडूंच्या मिळूनही इतक्या चोऱ्या नव्हत्या. त्याला रोखण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानरक्षकांनी पहिल्या बेसजवळची माती उकरून त्यात वाळू कालवली आणि वर भरपूर पाणी ओतले. पंचांना ती जागा दुरुस्त करून घ्यावी लागली.

या हिशेबाच्या उजेडात सुरुवातीच्या प्रश्नाकडे पाहता येते. रूथचा विचार अगदीच निराधार नव्हता. दोन गडी बाद असताना पहिल्या बेसवरून घरी यायला बहुधा दोन फटके लागतात, दुसऱ्यावरून एक. पण त्याच्या कारकिर्दीच्या नोंदीत १२३ यशस्वी चोऱ्या आहेत आणि ११७ वेळा पकडला गेल्याच्या नोंदी आहेत. नाणे उडवून जो कौल मिळेल तोच. शिवाय फलंदाजीला बॉब म्यूसेल होता आणि त्याच्यामागे लू गेरिग. रॉबर्ट्सने २००४ च्या हंगामात ४१ प्रयत्नांत ३८ बेस चोरले होते. त्याने यँकीजच्या पिचरांच्या चित्रफिती अभ्यासल्या होत्या. आणि चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, या न्यायाने डॉजर्समध्ये असताना खुद्द मॉरी विल्सने त्याला शिकवले होते. सर्वांना तू पळणार हे ठाऊक असेल अशी एक वेळ येईल, तेव्हा कचरू नकोस, अशा आशयाचे विल्सचे सांगणे त्या रात्री आपल्याला आठवले, हे रॉबर्ट्सने पुढे सांगितले आहे. निकाल उलटा लागला असता, तरी त्याचा निर्णय योग्यच ठरला असता. धैर्य आणि अविचार यांतील अंतर त्या शेवटच्या निसटत्या फरकात नव्हते. ते आधीच्या कित्येक महिन्यांच्या तयारीत होते.

नव्या नियमांचे वारे

आकडेवारीच्या धाकाने पुढे संघ फारच सावध झाले आणि मैदानातील धावपळ रोडावली. ती परत यावी म्हणून मेजर लीगने २०२३ मध्ये नियम बदलले. बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच झाली. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधील अंतर साडेचार इंचांनी घटले. पिचरला चेंडू टाकण्यासाठी घड्याळाची मर्यादा आली. आणि सर्वांत परिणामकारक म्हणजे, एका बॅटरच्या खेळीत पिचरला पट्टीवरून पाय काढण्याची किंवा बेसकडे फेकण्याची मुभा दोनदाच उरली. तिसऱ्यांदा फेकून धावक बाद झाला नाही, तर तो बॉक. रिव्हेराने रॉबर्ट्सला जसे सलग तीनदा मागे रेटले, तसे आज करायला फार मोठी छाती लागेल.

परिणाम तत्काळ दिसला. २०२२ मध्ये एकूण २,४८६ चोऱ्या झाल्या होत्या, २०२३ मध्ये ३,५०३. यशाचे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले. २०२४ मध्ये शोहेई ओतानीने ५४ होम रन मारताना ५९ बेसही चोरले. पण खरा बोध २०२५ ने दिला. न्यूयॉर्क मेट्सचा हुआन सोटो पायांनी सरासरीहून मंद. त्याआधी एका हंगामात १२ हून अधिक चोऱ्या त्याने कधी केल्या नव्हत्या. संघाचे प्रशिक्षक अँतोआन रिचर्डसन यांच्याबरोबर पिचरांचा अभ्यास करून त्याने ३८ बेस चोरले. जॉश नेलर तर लीगमधील सर्वांत मंद धावकांपैकी एक. त्याने ३२ प्रयत्नांत ३० वेळा यश मिळवले. हर्ब वॉशिंग्टनच्या वेगाला जे साधले नाही, ते नेलरच्या नजरेने साधले.

तरीही नियम आणि गणित यांच्या आधाराने चोरी निर्धोक झाली, असे कोणी समजू नये. या विद्येतील सर्वांत मोठे नाव रिकी हेंडरसन याचे. एका हंगामात १३० आणि कारकिर्दीत १,४०६ चोऱ्या, हे त्याचे दोन्ही विक्रम आजही अबाधित आहेत. दुसऱ्या स्थानावरील ब्रॉक ९३८ वर थांबला. पण विक्रमांच्या पुस्तकात आणखी दोन नोंदी त्याच्याच नावावर आहेत. १९८२ मध्ये १३० बेस चोरताना तो ४२ वेळा पकडला गेला. एका हंगामात याहून अधिक वेळा कोणी पकडले गेलेले नाही. संपूर्ण कारकिर्दीत तो ३३५ वेळा पकडला गेला, तोही विक्रमच. इतक्या वेळा कपड्यांची माती झटकत, मान खाली घालून तो बाहेर गेला आणि पुढच्या वेळी पहिल्या बेसवर येताच त्याने पुन्हा पिचरच्या टाचांकडे पाहायला सुरुवात केली.